अचलपूर पाहावे ते पायी

चिखलदऱ्याला निघालेला पर्यटक परतवाड्याच्या बसस्थानकावर उतरतो, चहा घेतो, घाटाची गाडी पकडतो आणि निघून जातो. ज्या गावाच्या उंबरठ्यावर आपण चहा प्यालो ते गाव एकेकाळी साऱ्या वऱ्हाडची राजधानी होते, याची त्याला गंधवार्ताही नसते. अमरावतीहून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या परतवाड्याला खेटूनच अचलपूर आहे. सरकारी कागदोपत्री दोन्ही मिळून एकच नगरपालिका आहे. मात्र बाहेरच्या माणसाला परतवाडा ठाऊक असतो आणि अचलपूर नसते.

याला कारण आहे. अचलपुरात देवगिरीसारखा डोळ्यांत भरणारा किल्ला नाही, की वेरूळसारखे एका ठिकाणी उभे राहून पाहावे असे लेणे नाही. इथला इतिहास एका जागी साचलेला नाही, तो विखुरलेला आहे. थोडा एखाद्या दरवाजाच्या कमानीत आहे, थोडा पुऱ्यांच्या नावांत आहे, थोडा गावाबाहेरच्या हौदात आहे आणि बराचसा लोकांच्या तोंडी आहे. मोटारीच्या खिडकीतून तो दिसत नाही आणि एकट्याने हिंडूनही फारसा उलगडत नाही. पडक्या भिंतीला कोणीतरी बोलते करावे लागते. अशा गावांसाठीच ‘हेरिटेज वॉक’ नावाचा प्रकार जगभर रूढ झाला आहे. मराठीत त्याला वारसा फेरी म्हणतात. पंधरा-वीस माणसे, एक जाणता वाटाड्या, तीन-चार किलोमीटरची चाल आणि मध्ये आठ-दहा थांबे एवढेच त्याचे भांडवल असते. तिकीट खिडकी, प्रकाशझोत किंवा ध्वनिक्षेपक यांपैकी कशाचीच गरज पडत नाही.

इंग्लंडमधील यॉर्क हे तटबंदीचे गाव याचे चांगले उदाहरण आहे. तिथला तट वाहतुकीला अडचण म्हणून पाडून टाकावा, असा घाट खुद्द नगर प्रशासनाने १८०० साली घातला होता. काही भाग पडलाही. पण नागरिकांनी आवाज उठविला आणि उरलेला तट वाचला. आज सुमारे साडेतीन किलोमीटरचा तो तट हेच त्या गावाचे मोठे आकर्षण आहे. १९५१ पासून तिथे स्वयंसेवकांची एक संघटना येणाऱ्या-जाणाऱ्यांना विनामूल्य गाव हिंडवून दाखवते आहे. जवळचे उदाहरण अहमदाबादचे. तिथे १९ नोव्हेंबर १९९७ रोजी महापालिकेच्या पुढाकाराने अशी फेरी सुरू झाली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून ती निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. पोळांतील लाकडी घरे, पक्ष्यांसाठी उभारलेले चबुतरे, जैन देरासरे हे सारे त्या वाटेवर येते. २०१७ मध्ये अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा मान मिळाला. त्याआधीची वीस वर्षे ही फेरी रोज सकाळी निघत होती, हे विसरता येणार नाही.

अचलपूर म्हणजे यॉर्क नव्हे, आणि अहमदाबादही नव्हे. पण तट, दरवाजे, पुरे आणि एकमेकांत गुंतलेल्या परंपरा हे सारे इथेही आहे. फरक असलाच तर इथल्या फेरीला मंदिर-मशिदींच्या आधी एका शब्दापाशी थांबावे लागेल. तो शब्द म्हणजे गावाचे नाव.

जुन्या पिढीच्या बोलण्यात आणि इंग्रजी अमदानीच्या दप्तरात हे गाव एलिचपूर आहे. हे नाव ईल नावाच्या जैन राजावरून पडले आणि त्यानेच इ. स. १०५८ मध्ये गाव वसविले, असे परंपरा सांगते. हा ईल राजा मोठा गमतीचा आहे. महाराष्ट्रातील निदान तीन गावे त्याच्यावर हक्क सांगतात. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या कथेत तो तिथल्या कुंडाच्या पाण्याने व्याधिमुक्त होतो. वेरूळच्या कथेत तोच राजा तिथल्या तीर्थाच्या पाण्याने बरा होतो. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’ या मराठी ग्रंथात तर अळजपूरच्या एलू राजाची राणी नवस फेडण्यासाठी वेरूळचे शिवालय खोदविते आणि पैठणचा कोकस नावाचा शिल्पी ते कळसाकडून खाली कोरीत आणतो. एकाच राजाचा एकच रोग दोन तळ्यांनी बरा करावा, ही दंतकथांची नेहमीची रीत आहे.

आता पुरावा काय म्हणतो? राष्ट्रकूट नन्नराजाचा एक ताम्रपट आजच्या मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात तिवरखेड येथे सापडला. तो सातव्या-आठव्या शतकांतला आहे आणि अचलपुराहून दिलेला आहे. हरिषेण नावाच्या जैन कवीने ‘धम्मपरिक्खा’ हे अपभ्रंश काव्य संवत १०४४ मध्ये, म्हणजे इ. स. ९८८ च्या सुमारास रचले, तेही चित्तोडहून अचलपुरास येऊन. म्हणजे ईल राजाने गाव वसविल्याचे जे साल सांगितले जाते, त्याच्या किती तरी आधी गाव नांदते होते आणि त्याचे नाव अचलपूरच होते. मग ‘एलिच’ आले कोठून? त्याचे उत्तर बाराव्या शतकातील हेमचंद्र या वैयाकरणाने देऊन ठेवले आहे. प्राकृत भाषेच्या व्याकरणात त्याने या एका गावासाठी स्वतंत्र सूत्र घातले आहे. या नावात ‘च’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल होते, असे ते सूत्र सांगते. अचलपूरचे झाले अलचपूर. महानुभावांच्या मराठीत ते अळजपूर म्हणून आले, आणि फारशी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून एलिचपूर झाले. ‘लखनौ’चे ‘नखलौ’ करणारी जीभ हेच करते. म्हणजे राजावरून गावाचे नाव पडलेले दिसत नाही. उलट गावाच्या बदललेल्या नावाला अर्थ हवा म्हणून राजा पुढे आला असावा.

एवढे दहा मिनिटांत, एखाद्या सावलीत उभे राहून सांगता येते. आणि इथेच वाटाड्याची खरी परीक्षा असते. दंतकथा सांगू नये असे मुळीच नाही. ती रंगवून सांगावी. फक्त ती दंतकथा आहे हे ऐकणाऱ्याला कळावे. अचलपुरात ही गोष्ट नुसत्या नीटनेटकेपणाची नाही, तिच्यावर बरेच काही अवलंबून आहे. ते पुढच्या थांब्यावर कळते.

हा थांबा म्हणजे दुल्हा दरवाजा. जुन्या शहराच्या तटाला असलेल्या दरवाजांपैकी हा सर्वांत नामांकित. दख्खनी गावांचे वेशीचे दरवाजे पाहायची एक रीत असते. आधी कमानीचा बाक पाहावा, मग आतल्या अंगाला पहारेकऱ्यांसाठी सोडलेल्या देवड्या पाहाव्यात, भिंतीत अडसराची भोके शोधावीत, मग मागे सरून माथ्यावरच्या चर्या आणि बंदुकीच्या जंग्या न्याहाळाव्यात. दरवाजा शोभेसाठी की लढाईसाठी हे तेवढ्याने समजते. खाली दगड आणि वर पातळ विटा असे बांधकाम आढळले, तर कोणता भाग मागाहून चढविला याचाही अंदाज बांधता येतो. चुन्याच्या जागी सिमेंटचा लेप दिसला, तर ते मात्र आपल्या काळाचे कर्तृत्व.

‘दुल्हा’ म्हणजे नवरदेव. हे नाव दुल्हा रहमान शाह यांचे. बिच्छन नदीच्या काठी त्यांचा दर्गा आहे. परंपरेनुसार अब्दुल रहमान गाझी हा गझनीच्या महमूदाचा आप्त होता. लग्नाच्या बोहल्यावरून उठून तो युद्धाला आला आणि ईल राजाशी लढताना दोघेही पडले, अशी कथा आहे. बोहल्यावरून उठलेला म्हणून दुल्हा. इतिहासाच्या कसोटीला मात्र ही कथा उतरत नाही. महमूदाच्या स्वाऱ्या सोमनाथ, कनोज, कालंजरपर्यंत झाल्या. नर्मदा ओलांडून त्याची फौज वऱ्हाडात आल्याचा पुरावा नाही. उत्तर प्रदेशातील बहराइच येथे सालार मसूद गाझीची कथाही याच वळणाची आहे. तोही महमूदाचा भाचा, तोही तरुण वयात लढाईत पडलेला, आणि त्याच्याभोवतीही लग्नाचीच प्रतिमा. तेव्हा ही एक फिरती कथा असावी. ती गावोगाव गेली आणि जिथे एखाद्या जुन्या राजाची आठवण होती तिथे रुजली, असे मानायला जागा आहे.

इथे सरसकट निकाल देऊन पुढे जाणारा वाटाड्या चुकतो. दर्ग्यावर जाणारा भाविक हा इतिहासाचा पेपर सोडवायला जात नसतो. त्याची श्रद्धा त्या सालावर टेकलेली नाही. पण ही कथा सन-तारखेचा इतिहास म्हणून जेव्हा चौकात सांगितली जाते, तेव्हा एका बाजूला ती विजयाची होते आणि दुसऱ्या बाजूला पराभवाची. मग हजार वर्षांपूर्वी न झालेल्या लढाईचा हिशेब आजच्या पोरांना द्यावा लागतो. एप्रिल २०२२ मध्ये याच दुल्हा दरवाजावर धार्मिक झेंडे लावण्या-काढण्याच्या वादातून दगडफेक झाली आणि शहरात संचारबंदी लावावी लागली होती. दरवाजाखाली उभे राहून पंधरा अनोळखी माणसांना गोष्ट सांगणाऱ्याला हे विसरून चालत नाही. त्याने काय सांगितले यापेक्षा कोणत्या शब्दांत सांगितले, हे लोकांच्या लक्षात राहते.

नक्की माहीत असलेली पहिली दिल्लीकर फौज इथे आली ती १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन खिलजीबरोबर. देवगिरीवर चाल करून जाताना तो एलिचपूरला थांबला. चुलत्याशी बिनसले म्हणून दक्षिणेत राजमहेंद्रीकडे चाकरी शोधायला चाललो आहे, अशी आवई त्याने वाटेत उठविली, असे फरिश्ता लिहितो. रामदेवराय गाफील राहिला. पुढे तह झाला तेव्हा एलिचपूर प्रांताचा वसूल दरसाल दिल्लीला पाठवायचे ठरले. तो थकला आणि १३०७ मध्ये मलिक काफूर आला. यादवांच्या अखेरीच्या नाटकात वऱ्हाडातील या गावाचा असा हात आहे.

बहामनी काळात वऱ्हाड हा एक सुभा होता. १४९० मध्ये तिथला सुभेदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क स्वतंत्र झाला आणि एलिचपूर राजधानी झाली. ही इमादशाही दक्षिणेतील पाच शाह्यांपैकी एक आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाणारी. तिचा संस्थापक मुळात विजयनगरच्या मुलखातील कन्नड हिंदू घराण्यात जन्मलेला. लहानपणी युद्धात पकडला गेला, वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला आणि मुसलमान झाला. उत्तरेला दिसणाऱ्या सातपुड्याच्या रांगेवर गाविलगड आहे. तो १४२५ मध्ये अहमदशहा बहामनीने बांधला आणि फतहुल्लाने १४८८ मध्ये त्याची डागडुजी केली. त्याच्या दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, पंजांत हत्ती धरलेले. गंडभेरुंड हे विजयनगरचे परिचित चिन्ह. धर्म बदलला, धनी बदलला, तरी लहानपणी पाहिलेले चिन्ह त्याने आपल्या दरवाजावर कोरविले, असे अनेक अभ्यासक मानतात. अचलपुरातून गड नुसता रेघेसारखा दिसतो. फेरीतल्या मंडळींना तिकडे बोट दाखवून हे सांगावे आणि दुसऱ्या दिवशी त्यांना वर पाठवावे.

इमादशाही १५७४ च्या सुमारास निजामशाहीने गिळली आणि १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांच्या हवाली करावे लागले. अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त एलिचपूर हे मोठे शहर आणि सुभ्याची राजधानी म्हणून येते. मोगल दरबाराच्या त्या जमाखर्ची ग्रंथात इथल्या एका फुलाचीही नोंद आहे. जमिनीलगत उमलणारे, अतिशय सुवासिक असे ते फूल म्हणजे भुईचाफा असावा. शेजारच्या गाविलगडावरील झऱ्याच्या पाण्याने पोलादी शस्त्रांना पाणी देतात, असेही अबुल फजल लिहून जातो. महसुलाच्या आकड्यांत फुलाला जागा देणारे दप्तर विरळाच.

दरवाजातून आत शिरले की पुरे सुरू होतात. सुलतानपुरा, जीवनपुरा, हिरापुरा, बिलनपुरा, अब्बासपुरा, सरमसपुरा अशी नावे एकामागून एक येतात. पुरा म्हणजे एखाद्या सरदाराने, सावकाराने किंवा एका धंद्याच्या लोकांनी वसविलेली पेठ. भरभराटीच्या काळात इथे पन्नासहून अधिक पुरे होते, असे सांगण्याची पद्धत आहे. आकडा बाजूला ठेवला तरी नावेच बोलकी आहेत. गल्लीच्या तोंडावरची पाटी वाचत जावे आणि ज्या म्हाताऱ्या माणसाला वेळ आहे त्याला नावाचा अर्थ विचारावा. तीन जणांना विचारले तर तीन अर्थ मिळतात. ते तिन्ही लिहून घ्यावेत.

आज दिसणाऱ्या जुन्या बांधकामांतील बराच भाग नबाबी काळातला, म्हणजे अठराव्या शतकातला आणि त्यानंतरचा. निजामाच्या अमलात पन्नी घराण्यातील पठाण सरदारांकडे एलिचपूरची नबाबी आली. इस्माईलखान, सलाबतखान, नामदारखान ही त्यांतील ठळक नावे. यांपैकी इस्माईलखानाचा हात अकोला जिल्ह्यातही दिसतो. बाळापूरचा विटांचा देखणा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने सुरू केला आणि तो १७५७ मध्ये पुरा केला या इस्माईलखानाने. अचलपुरात या घराण्याचे वाडे आणि मकबरे आहेत, आणि सुलतानखानाच्या नावाची सुलतानगढी आहे. वाडे तर शंभर वर्षांपूर्वीच्या गॅझेटिअरमध्येही मोडकळीला आल्याचे नोंदलेले आहेत. पडझड आजची नव्हे. गढीची माती शेतात आणि तटाचा दगड घराच्या पायात, हा वऱ्हाडातील जुना शिरस्ता आहे.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण गावाबाहेर पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर उभे आहे. हौज कटोरा हे त्याचे नाव. वाटीसारख्या गोल हौदाच्या मध्यभागी अष्टकोनी, तीन मजली मनोरा आहे. प्रत्येक बाजूला कमानी, चोहोबाजूंनी वारा आणि खाली पाणी अशी त्याची कल्पना. वऱ्हाडातला मे महिना ज्याने सोसला आहे त्याला ही वास्तू कशासाठी बांधली ते समजावून सांगावे लागत नाही. ती बहामनी काळातली मानतात. मुळात तिला पाच मजले होते, आणि वरचे दोन नबाबी काळात उतरवून त्यांचा दगड दुसरीकडे नेला, असे सांगितले जाते. म्हणजे एका राजवटीने दुसरीचे विश्रामगृह मोडून आपले बांधले. पायी फेरीत ही जागा शेवटी ठेवावी किंवा तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ राखावी. भर दुपारी तिथपर्यंत चालत जाणे म्हणजे हौजाच्या बांधकामाचे कारण स्वतःच्या अंगावर अनुभवणे होय.

नैर्ऋत्येला सहा-सात किलोमीटरवर चमक नावाचे खेडे आहे. तिथे पाहण्याजोगी वास्तू नाही, म्हणून फेरीवाले तिकडे वळत नाहीत. ही चूक आहे. पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट इथे सापडला. आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव, राजमापाने आठ हजार भूमी, एक हजार ब्राह्मणांना दान दिले. चर्मांकाचे चमक झाले. नाव दीड हजार वर्षे टिकले. या दानाला अटीही आहेत. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. तसे केल्यास राजाने जमीन काढून घेतली तरी तो चोर ठरणार नाही. सरकारी जमीन सवलतीत घेणाऱ्या संस्थांच्या करारनाम्यांत अशी स्पष्ट भाषा आज क्वचितच आढळते.

१८०३ च्या डिसेंबरात या परिसरात मोठी धामधूम होती. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, जखमींना घेऊन एलिचपूरला आला. इथे त्याने इस्पितळ उभारले आणि मग गाविलगडाला वेढा घातला. १५ डिसेंबरला गड पडला आणि १७ डिसेंबरला जवळच्या देवगाव येथे तह झाला. त्या तहाने कटकचा समुद्रकाठ इंग्रजांकडे गेला. ओरिसाचे भवितव्य वऱ्हाडातल्या खेड्यात ठरावे, अशी ती वेळ होती. वॉटर्लूचा विजेता म्हणून वेलस्लीची आठवण युरोपात ठेवली जाते. त्याचे जखमी शिपाई ज्या गावात निजले होते तिथे मात्र त्याची एक साधी पाटीही भेटेल की नाही, शंका आहे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीकडे गहाण टाकले. हैदराबाद कंटिंजंटची छावणी गावाशेजारी होती. तिचेच आजचे परतवाडा. जुने लोक अजूनही अचलपूरला ‘शहर’ आणि परतवाड्याला ‘कॅम्प’ म्हणतात. १८६७ मध्ये एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये मोडून अमरावतीत विलीन झाला. या अडतीस वर्षांत काय बिघडले ते समजायला रेल्वेचा नकाशा पुरेसा आहे. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला तो अकोला आणि बडनेऱ्यावरून. कापूस त्या रुळांकडे वळला आणि त्याच्यामागे पेढ्या, वकील, शाळा, कचेऱ्या गेल्या. १९०१ च्या शिरगणतीत एलिचपूरची वस्ती सुमारे सव्वीस हजार होती. रेल्वे इथे आली ती १९१३ मध्ये, मूर्तिजापूरहून अडीच फुटी अरुंद रुळांवरून. शहात्तर किलोमीटरची ही वाट. ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखली जाणारी गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. गेली काही वर्षे ती बंद आहे. राजधानी मागे पडली ती लढाईत नव्हे. एका लोहमार्गाच्या आखणीत.

अशी फेरी करू इच्छिणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ योग्य. सकाळी सातला निघून दहाच्या आत जुने शहर उरकावे; दुल्हा दरवाजा, पुरे, नबाबी अवशेष आणि दर्गा एवढे त्या वेळात होते. दर्ग्यात डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून जावे. शुक्रवारी दुपारी आणि उरुसाच्या दिवसांत भाविकांच्या गर्दीत अभ्यासकांनी घुसू नये. पुऱ्यांतील घरे ही राहती घरे आहेत. दार उघडे दिसले म्हणून कॅमेरा आत घालणे हा असभ्यपणा होय. विचारले तर बहुधा आत बोलावून चहाही मिळतो. पडक्या तटावर चढू नये. चुना सुटलेला दगड पायाखालून कधी निसटेल याचा नेम नसतो.

वाटाड्या गावातलाच असावा, हे खरे. बाहेरून पाठ करून आलेला माणूस तारखा सांगतो, पण कोणत्या गल्लीत कोणाला हाक मारायची हे त्याला ठाऊक नसते. मात्र गावातलाच असणे एवढ्याने भागत नाही. अहमदाबादच्या फेरीसाठी सांगणाऱ्यांना शिकवून तयार करण्यात आले होते. इथली महाविद्यालये, इतिहासाचे शिक्षक आणि नगरपालिका यांनी मनावर घेतले तर दहा-बारा मुलामुलींचा गट एका हिवाळ्यात तयार होऊ शकेल. त्यात दोन्ही समाजांची मुले असावीत, आणि दुल्हा दरवाजाची गोष्ट प्रत्येकाने एकाच शब्दांत सांगावी, एवढा आग्रह धरावा. सांगणाऱ्याला मानधन मिळाले पाहिजे. फुकटचा वाटाड्या लवकरच शेवटचा थांबा ओळखीच्या दुकानावर घेतो.

ज्यांच्याकडे आणखी एक दिवस आहे त्यांनी परतवाड्याहून मुक्तागिरी गाठावी. मध्य प्रदेशच्या हद्दीत, डोंगराच्या कुशीत बावन्न जैन मंदिरे आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा असे ते क्षेत्र आहे. ‘निर्वाणकांड’ या प्राकृत रचनेत त्याचा पत्ता दिलेला आहे. अचलपूर या श्रेष्ठ नगरापासून ईशान्येला, असा. आजही परतवाड्यात रस्ता विचारला तर लोक साधारण त्याच दिशेला हात करतात.